टीएलसीची ॲल्युमिनियम शीट: खेड्यातल्या लॅबला पुरते का, परवडते का

टीएलसी म्हणजे थिन लेयर क्रोमॅटोग्राफी: पातळ थरावर औषधाचा ठिपका लावायचा, पट्टी चेंबरमध्ये, म्हणजे थोडा सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) घातलेल्या झाकणाच्या काचेच्या भांड्यात, उभी करायची; सॉल्व्हंट वर चढतो आणि घटक वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. तिची ही तयार शीट. पेटीत पंचवीस शीट. प्रत्येक शीट २० बाय २० सेंटिमीटरची; मागे पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढे ०.२ मिलिमीटर जाडीचा सिलिकाचा पांढरा थर. पेटीवर ‘सिलिका जेल ६० एफ२५४’ लिहिलेलं असतं. त्यातलं ६० म्हणजे सिलिकाच्या छिद्रांचा सरासरी व्यास, अँगस्ट्रॉममध्ये. एफ२५४ म्हणजे थरात मिसळलेला चमकणारा पदार्थ, जो २५४ नॅनोमीटरच्या यूव्हीत (अतिनील प्रकाशात) हिरवा उजळतो; त्या हिरव्यावर औषधाचा ठिपका काळा दिसतो. एका शीटच्या ५ बाय १० च्या आठ पट्ट्या निघतात, म्हणजे पेटीमागे दोनशे. कोटेशन आलं की भाव पेटीचा बघू नका, पट्टीचा काढा. पेटीचा आकडा पाहून इंडेंट (खरेदीची मागणी) परत पाठवणारे पुष्कळ आहेत.

विदर्भातल्या तालुक्याच्या गावातलं फार्मसी कॉलेज असो की दोन खोल्यांची छोटी लॅब, आमचं मत सरळ आहे: घ्या. मात्र ही शीट मे महिन्यात जशी वागते तशी ऑगस्टात वागत नाही, आणि ते पेटीवर कुठेही छापलेलं नसतं. या रिव्ह्यूत निम्मं त्याबद्दलच आहे.

आधी पेटी उघडल्यावर काय पाहायचं. नागपूरहून एसटीच्या पार्सलने माल येतो, खड्ड्यांतून. काचेच्या तयार प्लेट मागवल्या तर दोन-चार फुटून येणार हे गृहीत धरा. पत्र्याची शीट फुटत नाही, पण कोपरा दुमडला की तिथला थर सुटतो. एक शीट काढून यूव्हीखाली धरा. सगळीकडे एकसारखा हिरवा रंग दिसला पाहिजे. डाग, ढग किंवा बोटांचे ठसे दिसले तर ती पेटी आधी कोणीतरी उघडलेली आहे. काही डीलर सुट्या शीट विकतात. स्वस्त पडतात म्हणून मोह होतो, पण सिलिका हवेतलं जे मिळेल ते ओढून घेते. अमोनियाच्या बाटलीशेजारी महिनाभर पडलेली शीट दिसायला नवीच असते. खात्री करायची तर एका पट्टीवर काहीही न लावता ती मिथेनॉलमध्ये चालवा, वाळवा, यूव्हीत पाहा. सॉल्व्हंट जिथवर चढला तिथे काळपट रेघ उमटली तर शीटमध्ये मळ आहे. अशी शीट फेकून द्यायची गरज नाही. क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल समभाग घेऊन एकदा पूर्ण धुऊन काढली, ११० अंशावर अर्धा तास तापवली, की बहुतेक वेळा कामाची होते.

कापताना कात्री धारदार हवी आणि कापणं एका दमात. बोथट कात्रीने कडेचा थर उडतो आणि तिथून सॉल्व्हंट वाकडा चढतो. कागद कापायचं गिलोटिन असेल तर उत्तमच.

‘हाताने प्लेट ओतल्या तर काय वाईट?’ हा प्रश्न दरवर्षी निघतो. पद्धत सगळ्यांना पाठ आहे: सिलिका जेल जी ३० ग्रॅम, पाणी ६० मिली, दीड मिनिट हलवायचं, स्प्रेडरने ०.२५ मिलिमीटरचा थर द्यायचा. एवढ्यात २० बाय २० च्या पाच प्लेट होतात. ‘जी’ म्हणजे जिप्सम, तोच थर धरून ठेवतो, आणि म्हणूनच कालवल्यावर हाताशी मोजून तीन-चार मिनिटं असतात. पुढे कालवण घट्ट होऊ लागतं. शिकवायला ही पद्धत हवीच. पण रोजच्या तपासणीला नको, कारण थर कधीच सारखा येत नाही आणि शेजारच्या दोन प्लेटवर एकच औषध दोन ठिकाणी थांबतं. त्यातून पाणी. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी वापरून प्लेट ओतल्या तर थरात मीठही ओतलं जातं. डिस्टिल्ड पाणीच लागतं, आणि त्या पाण्यावर चालणाऱ्या डिस्टिलेशनच्या कॉइलवर खडूसारखा थर किती लवकर चढतो ते तिथल्या लॅब असिस्टंटला विचारा. तयार शीटला प्लेट बनवायला पाणीच लागत नाही. हा फायदा कंपनीच्या माहितीपत्रकात नसतो, पण आपल्याकडे तो मोठा आहे.

आता उन्हाळा.

सिलिका औषधाला धरून ठेवते ती तिच्या पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांमुळे. हवेत ओल असली की ते गट पाण्याने अडवले जातात, पकड सैल होते, औषध वर सरकतं. मे महिन्यातली आपली हवा इतकी कोरडी की सिलिका पूर्ण जोरात असते आणि तोच ठिपका खाली अडकतो. म्हणजे जी आरएफ (सॉल्व्हंट जितका चढला त्याच्या किती पट ठिपका चढला तो आकडा) वहीत मे महिन्यात लिहून ठेवली, ती पोळ्याच्या सुमारास जुळणार नाही. आरएफ हा आकडा पाठ करायचा नसतोच. प्रत्येक पट्टीवर नमुन्याशेजारी स्टँडर्ड (त्याच औषधाचा शुद्ध, ओळखीचा नमुना) लावायचं आणि त्याच्याशीच तुलना करायची. हवा कशीही असो, दोघांवर सारखीच असते.

सारखी असते, असं म्हणताना कूलर विसरू नका. लॅबच्या खिडकीत लावलेला डेझर्ट कूलर खोलीत ओल सोडतो. त्याच्या झोतात ठेवलेली पट्टी आणि दाराजवळची पट्टी, दोन्हींचा निकाल वेगळा येतो. झोत थेट चेंबरवर येत असेल तर काचेची एक बाजू थंड होते आणि सॉल्व्हंटची रेघ तिरपी चढते. ही तिरपी रेघ पाहिली की लोक शीटला शिव्या देतात. शीटचा दोष नसतो. चेंबर कूलरपासून हलवा, वर खोका पालथा घाला, रेघ सरळ होते.

ओलीचा बंदोबस्त करायचा स्वस्त उपाय आहे. मॅग्नेशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण, तळाशी थोडं मीठ न विरघळता उरलेलं असं, डेसिकेटरच्या (घट्ट झाकणाच्या काचेच्या भांड्याच्या) खालच्या भागात ठेवा. आतली हवा ३३ टक्के आर्द्रतेच्या आसपास स्थिरावते. ठिपके लावून वाळवलेली पट्टी त्यात अर्धा तास ठेवून लगेच चेंबरमध्ये सोडली, की मे आणि ऑगस्टमधलं अंतर बरंच मिटतं. पावसाळ्यात नुसती ओव्हनमध्ये तापवून भागत नाही. ओव्हनमधून काढून ठिपके लावेपर्यंतच्या पाच-दहा मिनिटांत शीट पुन्हा ओल पिऊन घेते.

सॉल्व्हंटचं तर विचारूच नका. डायइथाइल ईथर ३४.६ अंशाला उकळतो, डायक्लोरोमिथेन ३९.६ ला. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात दुपारचा पारा ४५ च्या वर जातो, म्हणजे लॅबमध्ये पंखा असला तरी हे दोन्ही द्रव बाटलीतच उकळायच्या बेतात असतात. डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडच्या ओळखीसाठी फार्माकोपियातलं (औषधांच्या अधिकृत मानक-ग्रंथातलं) नेहमीचं मिश्रण म्हणजे डायक्लोरोमिथेन ७७, ईथर १५, मिथेनॉल ८, पाणी १.२. चेंबर संपृक्त व्हायला, म्हणजे आत सॉल्व्हंटची वाफ भरायला, अर्धा तास ठेवलं तेवढ्यात त्यातलं हलकं उडून प्रमाण बदललेलं असतं, आणि मग ठिपका स्टँडर्डसकट भलतीकडेच. अशा दिवसांत दोन मार्ग: सकाळी सहा ते आठ काम उरका, किंवा सॉल्व्हंट बदला. क्लोरोफॉर्म ६१ ला उकळतो, मिथेनॉल ६४.७ ला, इथाइल ॲसिटेट ७७ ला. प्राथमिक चाळणीला क्लोरोफॉर्म-मिथेनॉल ९:१ पुरतं. फक्त क्लोरोफॉर्मच्या बाटलीवर स्टॅबिलायझर काय लिहिलंय ते वाचा. इथेनॉल घातलेला क्लोरोफॉर्म आणि ॲमिलीन घातलेला क्लोरोफॉर्म शीटवर एकसारखे चालत नाहीत. आणि ईथरची उघडलेली जुनी बाटली उन्हाळ्यात सांभाळू नये; पेरॉक्साइड होतो.

साध्या गोळीवर शीट कशी चालते ते पाहू. पॅरासिटामॉल, कॅफीन, ॲस्पिरिन हे त्रिकूट परीक्षेला चांगलं. पॅरासिटामॉल ५० मिलिग्रॅम बसेल एवढी गोळीची भुकटी १० मिली मिथेनॉलमध्ये पाच मिनिटं हलवा, बसू द्या, गाळा. झालं ५ मिलिग्रॅम प्रति मिली. २ मायक्रोलिटरचा ठिपका म्हणजे १० मायक्रोग्रॅम. खालच्या कडेपासून दीड सेंटिमीटरवर पेन्सिलीने हलकी रेघ, ठिपके एकमेकांपासून एक सेंटिमीटर, बाजूच्या कडेपासूनही तेवढेच दूर. पेन्सिल दाबली तर थर खरवडतो. बॉलपेन अजिबात नको, शाईच सॉल्व्हंटबरोबर चालायला लागते. चेंबरमध्ये १० मिली इथाइल ॲसिटेट आणि २ थेंब ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड. पातळी अर्धा सेंटिमीटरच्या वर नको, नाहीतर ठिपके चढण्याऐवजी तळ्यातच विरघळतात. आठ सेंटिमीटर चढायला वीस मिनिटांच्या आसपास. कॅफीन तळाशी रेंगाळतं, पॅरासिटामॉल मध्ये, ॲस्पिरिन त्याच्या वर. ॲसिडचे थेंब विसरले तर ॲस्पिरिनचा ठिपका गोल न येता शेपटीसारखा लांबतो. ॲस्पिरिनच्या गोळ्यांचं पाकीट ओल लागून जुनं झालं असेल तर सॅलिसिलिक ॲसिड सुटलेलं असतं. ते ३६५ च्या यूव्हीत निळसर-जांभळं चमकतं आणि फेरिक क्लोराइडने जांभळं होतं. आयबुप्रोफेनने मात्र फसवलंच म्हणून समजा: २५४ ला ठिपका इतका फिका की नाही म्हणून मोकळे व्हाल. आयोडीनच्या बरणीत पाच मिनिटं ठेवलं की तपकिरी उमटतं.

गाळताना घरचा कापूस वापरू नका. विदर्भात कापसाची काय वाण, हात घातला की बोंडाचा कापूस मिळतो. पण कच्च्या कापसावर नैसर्गिक मेण असतं, ते सॉल्व्हंटमध्ये उतरतं आणि आयोडीनमध्ये वरच्या रेघेशी एक पट्टा उमटतो. मग सगळे त्या ‘अनोळखी घटकाचा’ शोध घेत बसतात. शोषक कापूस घ्या, तोही मिथेनॉलने एकदा धुऊन, नाहीतर सरळ फिल्टर पेपर.

शीटचं खरं मोल कळतं ते आठवडी बाजारातल्या पुडीवर. ‘गुडघेदुखीवर जालीम, तिसऱ्या दिवशी फरक’ अशा आयुर्वेदिक म्हणवणाऱ्या चूर्णात डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा डायक्लोफेनॅक मिसळलेलं सापडणं ही देशभरची जुनी तक्रार आहे. इथे अडचण औषधाची नसून चूर्णाची आहे. मिथेनॉलमध्ये काढलं तर हरितद्रव्य, टॅनिन, गूळ सगळंच उतरतं आणि पट्टीवर खालून वरपर्यंत चिखलाचा पट्टा. म्हणून इथाइल ॲसिटेट घ्या. ५ ग्रॅम चूर्ण, २० मिली, दहा मिनिटं हलवून गाळा. गाळलेलं ५ टक्के सोडियम बायकार्बोनेटबरोबर सेपरेटिंग फनेलमध्ये हलवा. डायक्लोफेनॅक आम्लधर्मी, ते बायकार्बोनेटच्या थरात जातं. स्टेरॉइड वरच्या इथाइल ॲसिटेटमध्येच राहतं. एका झटक्यात दोन संशयित वेगळे. फनेलमध्ये दुधासारखं फेटून बसलं, डिंकाळ चूर्णात हमखास बसतं, तर चिमूटभर मीठ टाका आणि थांबा. खालचा थर वेगळा काढून त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड थेंबाथेंबाने घाला, फसफसतं म्हणून उघड्या बीकरमध्ये, आणि पुन्हा इथाइल ॲसिटेटने काढा.

स्टेरॉइडचा थर वाळवून १ मिलीपर्यंत आणायचा. हिशेब असा: त्या ५ ग्रॅममध्ये डेक्सामेथासोन अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे एका नेहमीच्या गोळीइतकं, असेल आणि सगळं उतरलं तर १ मिलीत अर्धा मिलिग्रॅम. ५ मायक्रोलिटर लावले की ठिपक्यात अडीच मायक्रोग्रॅम. एफ२५४ च्या हिरव्या पार्श्वभूमीवर एवढा काळा डाग उघड्या डोळ्यांना नीट दिसतो. डायक्लोफेनॅकचा भाग वेगळ्या पट्टीवर, टोल्यूइन, इथाइल ॲसिटेट आणि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड ६:४:०.१ मध्ये.

पण काळा डाग दिसला की ‘सापडलं’ म्हणून नाचू नका. पिंपळी आणि मिऱ्यातलं पायपरीन २५४ ला दणदणीत काळं दिसतं, ३६५ ला निळं पेटतं. सुंठेचे घटकही २५४ ला दिसतात. म्हणून तीन ठिपके हवेतच: पुडीचा अर्क, शुद्ध स्टँडर्ड, आणि खात्रीच्या वनस्पतींपासून तसंच बनवलेल्या कोऱ्या चूर्णाचा अर्क. शक्य असेल तर चौथा, पुडी आणि स्टँडर्ड एकावर एक लावलेला. त्याचा एकच गोल ठिपका आला तर संशय पक्का व्हायला लागतो, पोट फुगलेला किंवा जोडठिपका आला तर दोन वेगळे पदार्थ आहेत. पुढे ब्लू टेट्राझोलियमचा क्षारयुक्त फवारा: कॉर्टिकोस्टेरॉइड जांभळं होतं. गुळातल्या साखरा पण जांभळ्या होतात, मात्र त्या लावल्या जागेवरून हलत नाहीत. बेसलाइनवरच्या, म्हणजे ठिपके लावल्या रेघेवरच्या, जांभळ्याकडे दुर्लक्ष करा.

आणि इथे शीटची मर्यादा येते. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन यांच्यात फरक फक्त सोळाव्या कार्बनवरच्या मिथाइल गटाच्या दिशेचा. या शीटवर, या सॉल्व्हंटमध्ये दोघे एकाच जागी बसतात. अहवालात ‘डेक्सामेथासोन आढळले’ असं लिहिणं म्हणजे आगाऊपणा. ‘डेक्सामेथासोनच्या स्टँडर्डशी जुळणारा कॉर्टिकोस्टेरॉइडसदृश ठिपका’ एवढंच लिहा, आणि नमुना मोठ्या लॅबला पाठवा.

प्रमाणाचंही तसंच. शेजारी १०० टक्के आणि ८० टक्के ताकदीची दोन स्टँडर्डं लावून डोळ्याने ताडून पाहता येतं. औषधच नाही, भलतंच आहे किंवा निम्मंच आहे हे कळतं. ९४ की ९७ ते कळत नाही. गावातल्या मेडिकलची गोळी संशयास्पद वाटली म्हणून पट्टी नाचवत दुकानात जाऊ नये, तिला कायद्यात किंमत नाही. औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा, १९४० च्या कलम २६ खाली विकत घेतलेलं औषध कोणीही ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो. तो अहवाल कामाचा.

एचपीएलसीवाले (पंपाने द्रव दाबून घटक वेगळे करणारं मशीन वापरणारे) म्हणतील, मग मशीनच घ्या ना. घ्या, पण पाणी आणि लाईन यांची सोय आधी करा. मिनिटाला १ मिली म्हणजे तासाला ६० मिली. आठ तासांत जवळजवळ अर्धा लिटर मोबाइल फेज (मशीनमधून वाहणारा द्रव), धुण्याचं वेगळं. फॉस्फेट बफर (क्षाराचं द्रावण) पंपात असताना लाईन गेली आणि संध्याकाळी ती आलीच नाही, की सीलवर आणि चेक व्हॉल्व्हमध्ये खडे धरतात. दुसऱ्या दिवशी प्रेशर नाचतं. बफर चालू असताना घाईने नुसतं ॲसिटोनायट्राइल सोडलं तरी तेच, आधी ९० टक्के पाण्याने धुतलं पाहिजे. शीटच्या रनला १० मिली सॉल्व्हंट आणि वीज शून्य. थर स्वतःच ओढतो. वीज लागते ती पाहताना, आणि त्यासाठी बॅटरीवर चालणारा हातातला २५४ चा दिवा मिळतो. पट्टी बाहेर काढून, वाळवून पाहायची; काचेच्या चेंबरमधून २५४ चा प्रकाश आत जातच नाही. दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, गॉगल हवाच.

पत्र्यामुळे एक गोष्ट हातची जाते. सल्फ्युरिक ॲसिड फवारून भाजायची रीत इथे नको: ॲसिड पत्रा खातं, आणि तयार शीटमधला सेंद्रिय बाइंडरही (थर धरून ठेवणारा पदार्थ) भाजून पार्श्वभूमी तपकिरी होते. ते काम निघालंच तर चार काचेच्या प्लेट वेगळ्या ठेवा. हाताने ओतलेल्या जिप्समच्या प्लेट इथे मात्र सरस ठरतात.

पेटीसोबत काय घ्यावं? १ आणि ५ मायक्रोलिटरच्या खुणेच्या कॅपिलरी घ्या. बर्नरवर ओढून काढलेल्या घरगुती कॅपिलरीने ठिपका सुबक पडतो, पण ८० आणि १०० चा फरक तिच्या भरवशावर सांगता येत नाही. झाकण घट्ट बसणारं चेंबर घ्या, नाहीतर लोणच्याची रुंद तोंडाची काचेची बरणी आणि वर काचेचा तुकडा, ग्रीस लावून; चालतं. आत तीन बाजूंनी फिल्टर पेपर उभा करायचा. महागडी स्प्रे गन नको. उघडलेली पेटी डेसिकेटरमध्ये, थर एकमेकांवर घासणार नाहीत अशी, आणि अमोनिया-हायड्रोक्लोरिकच्या कपाटापासून दूर. कापून उरलेल्या दोन सेंटिमीटरच्या चिंध्या फेकू नका. सॉल्व्हंटचं प्रमाण ठरवताना पहिले पाच-सहा रन त्यांच्यावरच होतात.